अंगणातला हरसिंगार

पावसाळा सरत आला की फज्रच्या नमाजला निघताना चाकूरच्या आमच्या अंगणात पाय जपून टाकावा लागतो. पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. मराठीच्या तासाला आम्ही या झाडाला पारिजातक म्हणतो, उर्दूच्या तासाला हरसिंगार.

झाड लहानखुरे, मोगरा-जाईच्या कुळातले. पाने इतकी खरखरीत की पूर्वी लाकूड घासायला वापरत. फुले रात्री उमलून पहाटे गळतात, म्हणून लिनिअसने १७५३ मध्ये दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ ‘उदास झाड’ असा होतो. आम्हाला ते कधी उदास दिसले नाही. फुलाच्या केशरी देठात खऱ्या केशरातलेच क्रोसेटिन असते. आठवीच्या मुलींनी देठ उकळून रुमाल रंगवले. रंग झकास आला आणि दोन धुण्यांत उडाला.

गेल्या वर्षी मात्र या झाडावरून घरात अबोला झाला. पुतण्याला ताप आला आणि खालांनी पानांचा काढा सुरू केला. युनानीत आणि आयुर्वेदात ही पाने तापावर, सांधेदुखीवर, इर्कुन्नसावर, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर, सांगितली आहेत. खालांच्या गुडघ्यांनाही त्याने बरे वाटते. चौथ्या दिवशी ताप उतरला. काढा लागू पडला म्हणून घरभर आनंद. आम्ही शिकलेसवरलेले, आम्हीही मान डोलावली. त्याच रात्री मुलाला उलट्या झाल्या, पोट दुखू लागले, हिरड्यांतून रक्त आले. लातूरला पळालो. डेंग्यू होता.

डॉक्टरांनी काढ्याला नावे ठेवली नाहीत. म्हणाले, “डेंग्यूत ताप उतरतो तेच दिवस धोक्याचे. ताप दोन दिवस राहिला की रक्त तपासा. आणि मनाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.” आठवडाभराने, अल्लाहच्या फजलने, मूल घरी आले.

खाला म्हणाल्या, झाड तोडून टाका. पण झाडाचा काय कसूर? डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे दारात चार ड्रम भरलेलेच असतात. झाड राहिले. शेजारच्या मावशी पहाटे पूजेसाठी फुले वेचायला येतात, तेही चालूच आहे. आम्ही दर शुक्रवारी ड्रम रिकामे करतो, आतून घासतो, वाळवतो. आत पडलेली फुले त्याआधी खाला चाळणीने काढून घेतात.