ऑनलाइन प्रश्नावलीची सुगमता

सर्वेक्षणाचे मोल मिळालेल्या उत्तरांवर जितके अवलंबून असते, तितकेच ती उत्तरे कोणाकोणाला देता आली यावरही असते. अन्वेषक प्रश्नावली घेऊन दारी जातो तेव्हा न कळलेला प्रश्न तो पुन्हा विचारतो आणि उत्तर स्वतः लिहून घेतो. ऑनलाइन प्रश्नावलीत हा मध्यस्थ नसतो. त्याचे कार्य प्रश्नावलीच्या रचनेलाच करावे लागते. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत ही रचनाच अडसर ठरते.

अंध व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’ या प्रणालीच्या साहाय्याने मजकूर ऐकते. डोळ्याला संपूर्ण पान एकदम दिसते. कानाला मात्र ते क्रमाक्रमानेच मिळते. उभ्या स्तंभांत ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ आणि आडव्या ओळींत दहा विधाने, असे कोष्टक पाहणाऱ्यास सोयीचे वाटते. परंतु प्रत्येक खुणेच्या जागेशी तिचे विधान व पर्याय संगणकीय रचनेत जोडलेले नसतील, तर ऐकणाऱ्यास केवळ ‘निवडलेले नाही’ एवढेच पुनःपुन्हा ऐकू येते. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक विधान स्वतंत्र प्रश्न म्हणून मांडावे.

दुसरी बाब भाषेची. देवनागरी ही मराठीप्रमाणे हिंदीचीही लिपी आहे. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद त्याच्या रचनेत नसेल, तर मराठी मजकूर हिंदी उच्चारपद्धतीने वाचला जाण्याचा संभव असतो. मग ‘च’ आणि ‘ज’ यांचे दंततालव्य उच्चार हरपतात. बोलींच्या अभ्यासात ही हानी क्षुल्लक नव्हे.

जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची प्रथम भाषा भारतीय सांकेतिक भाषा असून लिखित मराठी ही त्यांची दुसरी भाषा होय. ‘असे वाटत नाही असे नाही’ यांसारखी दुहेरी नकाराची वाक्ये टाळावीत. शक्य तेथे प्रश्नाचे सांकेतिक भाषेतील चित्रमुद्रणही जोडावे.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली मार्गदर्शक तत्त्वांची जी दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली, तिच्या मध्यम स्तरानुसार सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका प्रकाशभेद हवा. सर्व क्रिया कळफलकाने करता याव्यात, केवळ रंगाने अर्थ सूचित करू नये आणि वेळेची मर्यादा वाढविता यावी, हेही तीत सांगितले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेची जबाबदारी शासनावर सोपविली आहे.

तथापि नियमांचे पालन म्हणजे परीक्षा नव्हे. प्रश्नावली प्रसृत करण्यापूर्वी ती दिव्यांग व्यक्तींकडूनच भरवून पाहणे अगत्याचे आहे. अर्ध्यावर सोडलेली प्रश्नावली बहुधा गणनेतून वगळली जाते. ज्याला उत्तर देता आले नाही तो अशा रीतीने ज्याला उत्तर द्यावयाचे नव्हते त्याच्यासारखाच गणला जातो, आणि निष्कर्ष मात्र सर्वांच्या नावे मांडले जातात.