विश्लेषण : पायलट प्रशिक्षणात सिम्युलेटरचा खर्च कशासाठी?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील बारावी सायन्सच्या मुलांना 'पायलट' हा पर्याय आता जवळचा वाटू लागला, तर नवल नाही. पण फीच्या हिशेबातला सिम्युलेटरचा आकडा पालकांना खटकतो. जमिनीवरच्या यंत्रासाठी एवढे पैसे का मोजायचे?

सिम्युलेटर काय असतो?
सहा हलत्या पायांवर उभे केलेले हुबेहूब कॉकपिट. 'लेव्हल डी' ही त्याची सर्वोच्च श्रेणी. असे एक यंत्र एक कोटी डॉलर किंवा त्याहूनही महाग असते.

तरीही ते स्वस्त कसे?
एअरबस ए320 ताशी सुमारे अडीच टन, म्हणजे जवळपास 3 हजार लिटर इंधन जाळते. लिटरला 90 रुपये धरले, तरी तासाला पावणेतीन लाख रुपये फक्त इंधनाचे. शिवाय तेवढा वेळ विमान प्रवासी वाहतुकीतून बाहेर राहते. टेकऑफच्या क्षणी इंजिनाला आग लागण्यासारखा प्रसंग तर खऱ्या विमानात घडवताच येत नाही.

बचत केली तर?
'मॅक्स' विमानासाठी सिम्युलेटर प्रशिक्षण लागणार नाही, हा बोइंगचा विक्रीचा मुद्दा होता. ते लागल्यास साउथवेस्ट कंपनीला विमानामागे 10 लाख डॉलरची सूट देण्याचे ठरले होते. 2018 आणि 2019 मधील दोन अपघातांत 346 जणांचा बळी गेला. मुख्य दोष 'एमकॅस' यंत्रणेचा होता. पण जानेवारी 2020 मध्ये बोइंगनेच सिम्युलेटर प्रशिक्षणाची शिफारस केली.

यंत्रच सदोष असेल तर?
एप्रिल 2022 मध्ये डीजीसीएने स्पाइसजेटच्या 90 वैमानिकांना मॅक्स उडवण्यास मनाई केली. धोक्याचा इशारा देणारी 'स्टिक शेकर' यंत्रणा सिम्युलेटरमध्ये एका बाजूला बंद होती. वैमानिकांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले, कंपनीला 10 लाखांचा दंड झाला.

पालकांनी काय पाहावे?
व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यात उपकरणांच्या आधारे उडवण्याचे किमान 10 तास असावे लागतात आणि त्यापैकी जास्तीत जास्त 5 तासच मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. मॉलमधले किंवा घरच्या संगणकावरचे तास यात धरले जात नाहीत. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या : यंत्राला डीजीसीएची चालू मान्यता आहे का आणि त्यावरचे किती तास लॉगबुकमध्ये नोंदवले जातील. परवान्यानंतर विशिष्ट विमानासाठीचे 'टाइप रेटिंग' वेगळे असते. तो खर्चही कर्ज काढतानाच हिशेबात धरा.