भाजलेल्या मातीवरील कोरीव नक्षी

कच्च्या मडक्यास वळण देता येते, पक्क्यास देता येत नाही, असे आपण घरोघर ऐकतो. हे बोल बहुधा मडक्यांविषयी नसून मुलांविषयी असतात. मुलगा नववी-दहावीच्या वर्गात आला की, आता तो काही सुधारावयाचा नाही, असे म्हणून पुष्कळ पालक निराश होतात. मडक्यांपुरते पाहिले तरी हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पक्क्या मडक्याचा आकार बदलत नाही हे खरे. परंतु त्याच्या अंगावर सुंदर नक्षी कोरता येते. ती कशी कोरावी हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम, भाजल्याने मातीत काय पालट होतो ते पाहू. वाळलेले कच्चे मडके पाण्यात ठेविले तर त्याचा पुन्हा चिखल होतो. आव्यातील उष्णता सुमारे ५०० ते ६०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली म्हणजे मातीशी रासायनिक रीतीने बद्ध असलेले पाणी निघून जाते, आणि मग त्या मातीचा चिखल कधीच होत नाही. उष्णता आणखी वाढली की मातीचे कण एकमेकांस चिकटतात. तथापि गावच्या आव्यात ती फार वाढत नसल्यामुळे कणांमध्ये सूक्ष्म छिद्रे राहतात. या छिद्रांतून पाणी झिरपून त्याची वाफ होते, म्हणूनच माठातील पाणी थंड असते. याच सच्छिद्रपणामुळे पोलादी टोकाने मडक्यावर कोरता येते. चिनी मातीचा पेला १२०० अंशांहून अधिक उष्णतेत भाजलेला असल्याने त्यावर खिळा नुसता घसरतो.

हा उद्योग आपल्या प्रांतास नवा नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात टाकळघाट व खापा येथे १९६८-६९ साली डॉ. शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. तेथील शिळावर्तुळे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणाऱ्या लोकांनी रचिलेली आहेत. विदर्भातील अशा स्थळी सापडणाऱ्या काळ्या-तांबड्या भांड्यांवर, ती भाजून झाल्यानंतर ओरखडलेल्या खुणा आढळतात. त्यांचा अर्थ विद्वानांस अद्याप निश्चितपणे लागलेला नाही. परंतु खूण मात्र अजून स्पष्ट आहे.

आता कृतीकडे वळू. कुंभाराकडून एक लहान कुंडी आणावी. बोटाने टिचकी मारून पाहावी; आवाज खणखणीत आला तर ती घ्यावी, बद्द आला तर तीत चीर आहे असे समजावे. घरी एखादे फुटके खापर असेल तर पहिला हात त्यावरच बसवावा. हत्यार म्हणून कंपासपेटीतील कर्कटकाचे टोक किंवा घासून अणकुचीदार केलेला पोलादी खिळा पुरतो. कुंडीच्या घेराएवढी कागदाची पट्टी कापून तिला तीनदा दुमडावे, म्हणजे घेराचे आठ समान भाग होतात. त्या खुणांवरून शिसपेन्सिलीने पाने, कमळे किंवा त्रिकोणांची ओळ काढावी. रेघ एकदा कोरली की पुसता येत नाही. म्हणून जो विचार करावयाचा तो शिसपेन्सिलीच्या वेळीच करून घ्यावा.

नंतर कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी व वाळूच्या पिशवीवर आडवी ठेवून कोरण्यास आरंभ करावा. पहिली रेघ अगदी हलकी असावी. तीवरूनच तीन-चार वेळा टोक फिरविले म्हणजे ती आपोआप खोल होते. एकदम जोर दिला तर टोक घसरते किंवा कपचा उडतो. मातीत वाळूचे कण असतात व ते पोलादाहूनही कठीण असतात. टोक त्यांस कापीत नाही, तर भोवतालची माती झिजवून त्यांस उपटून काढते. म्हणून रेघ किंचित खडबडीत होते आणि टोक वारंवार घासावे लागते. वळणाच्या ठिकाणी हात न वळविता कुंडी फिरवावी. काठाजवळ व तळाजवळ कोरू नये, आणि कोठेही जाडीच्या एकतृतीयांशाहून खोल जाऊ नये.

एक सूचना पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. भाजलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस नावाचा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. म्हणून काम ओलेच करावे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, धुळीवर फुंकर मारू नये व जागा ओल्या फडक्याने पुसावी. शेवटी कुंडी ब्रशाने धुऊन वाळवावी, खडूची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून रेघांत भरावी आणि वरचे ओलसर फडक्याने पुसून घ्यावे. तांबड्या अंगावर पांढरी नक्षी उठून दिसते.

१९३७ च्या ऑक्टोबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तीत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे असा विचार मांडला गेला. ज्या शाळेत चाक नाही व आवाही नाही, तेथेही हा उद्योग चालू शकतो. यात भूमिती आहे, चित्रकला आहे, रसायनशास्त्र आहे, आणि सर्वांहून अधिक म्हणजे धीर आहे.

पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात कुंभार बिघडलेल्या ओल्या मातीचे दुसरे पात्र घडवितो, आणि १९ व्या अध्यायात भाजलेले मडके फोडले जाते. ओली माती आणि फुटके खापर यांच्यामध्ये बराच मोठा काळ असतो. मडके त्या काळात पक्के असते, पण अभंग असते. मोठ्या मुलांस धाकाने एकदम वळवू पाहणे म्हणजे पक्क्या मडक्यावर जोराने टोक दाबणे होय. तेथे हलकी रेघ, तीच पुन्हा पुन्हा, आणि आधाराला वाळूची पिशवी, एवढेच लागते. पालकहो, आपली मुले पक्की झाली म्हणून हात आखडता घेऊ नका. नक्षी कोरण्याची खरी वेळ आता आली आहे.