शाळेचा पट आणि नगराचे अंदाजपत्रक

यमुनेच्या पूर्व तीरावर, नोएडाच्या वेशीला लागून असलेली मयूर विहार ही वसाहत दिल्लीत येऊनजाऊन असणाऱ्या श्रोत्यांच्या परिचयाची असेल. १९८० नंतरच्या काळात दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती येथे उभ्या राहिल्या. त्या वेळी घर घेणारा गृहस्थ बहुधा तिशी-पस्तिशीतला, नोकरदार, एकदोन लहान मुलांचा बाप असे. आज त्याच पॉकेटांतून सायंकाळी फेरी मारली, तर बाकांवर बसलेली मंडळी सत्तरीच्या घरातली दिसतात. मुले बंगळूरला, नाहीतर सातासमुद्रापलीकडे. पण रस्ता ओलांडून त्रिलोकपुरी, कल्याणपुरी किंवा खिचडीपूर येथे जावे, तर शाळा सुटण्याच्या वेळी गल्लीत पाय ठेवावयास जागा नसते. आणीबाणीच्या सुमारास दिल्लीतील झोपड्या हलवून या वसाहती वसविण्यात आल्या. तेथील चिमुकल्या भूखंडांवर आता तीनतीन-चारचार मजले चढले आहेत आणि मजल्यागणिक एक भाडेकरू कुटुंब राहत आहे.

एका बाजूस मुले आटत चालली आहेत, दुसऱ्या बाजूस दाटी आहे, आणि दोहींच्या प्राथमिक शाळांचा भार मात्र एकाच महानगरपालिकेवर आहे. आणखी दोन, चार, सहा वर्षांनी कोणत्या शाळेत किती मुले येतील, हे आज सांगता येईल काय? हा प्रश्न कोणी हौसेने विचारीत नाही. दिल्लीत अंदाजपत्रकाची मांडणी हिवाळ्यात होते आणि शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. महाराष्ट्रात आर्थिक वर्ष एप्रिलला लागते, शाळा जूनमध्ये उघडतात आणि पटाची अधिकृत मोजणी धरली जाते ती ३० सप्टेंबरची. म्हणजे पैसे आधी ठरतात आणि मुले मागाहून मोजली जातात. अंदाज करावयाचा की नाही, असा विकल्पच येथे नाही. तो विचारपूर्वक करावयाचा, की गतवर्षीच्या आकड्यात पाचदहा मिळवून मोकळे व्हावयाचे, एवढेच ठरवावयाचे असते.

अंदाजाची मूळ रीत अगदी सोपी आहे. या वर्षी जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीच्या दारात उभे राहते; म्हणून आजच्या जन्मनोंदी हीच सहा वर्षांनंतरच्या पहिलीची पहिली यादी होय. पुढच्या इयत्तांसाठी गेल्या चारपाच वर्षांचे पट समोर ठेवावयाचे आणि पहिलीतील शंभर मुलांमागे दुसऱ्या वर्षी दुसरीत किती आली, दुसरीतून तिसरीत किती गेली, हे प्रमाण काढावयाचे. समजा, पहिलीतील शंभरांमागे दुसरीत ९४ येतात. तर गळती, स्थलांतर, खाजगी शाळेकडे वळलेली मुले, हे सर्व त्या ९४ मध्ये जमेस धरले गेले. प्रमाण १०४ आले, तर बाहेरून मुले येत आहेत असे समजावे. हीच प्रमाणे पुढील वर्षांना लावीत गेले की पाच वर्षांचा पट कागदावर उभा राहतो. या रीतीला उच्च गणिताची आवश्यकता नाही. कोणताही मुख्याध्यापक ती एका दुपारी शिकू शकेल.

अडचण गणितात नाही, गणिताला पुरविलेल्या आकड्यांत आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म जेथे घडतो तेथे नोंदला जातो, आईबाप जेथे राहतात तेथे नव्हे. खिचडीपूरच्या लालबहादूर शास्त्री रुग्णालयात जन्मलेले बाळ नोएडाचे असू शकते, आणि त्रिलोकपुरीतील कित्येक बाळंतपणे उत्तर प्रदेशात नाहीतर बिहारमध्ये, माहेरी होतात. ते मूल दिल्लीच्या कोणत्याच जन्मनोंदीत नसते. सहाव्या वर्षी मात्र ते आईचे बोट धरून येथील शाळेत येते. उलट, मयूर विहारच्या सदनिकेतील मुलाचा जन्म येथे बिनचूक नोंदलेला असतो, पण महानगरपालिकेच्या शाळेत ते सहसा येत नाही. तेव्हा जन्मनोंदीपेक्षा अंगणवाडीची हजेरी आणि लसीकरणाची नोंदवही या वस्तीत अधिक खरे बोलतात, असे माझे मत आहे. तीन ते सहा वर्षांची जी मुले त्या वह्यांत आहेत ती याच गल्लीत राहतात आणि बहुतांशी याच शाळेत जातील.

जनगणनेचा आधार घ्यावा म्हटले, तर शेवटची जनगणना २०११ ची. पुढची २०२१ मध्ये व्हावयाची होती, ती लांबली आणि तिचा संदर्भदिन आता १ मार्च २०२७ हा ठरविण्यात आला. मधल्या काळात जननमान झपाट्याने उतरले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये दिल्लीत आणि महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा दिल्लीत १.६ आणि महाराष्ट्रात १.७ इतका खाली आला. जुन्या जनगणनेवर उभारलेले शाळाबांधणीचे आराखडे या उताराकडे पाठ फिरवून बसलेले असतात.

आता पट आणि पैसा यांचा संबंध पाहू. प्राथमिक शाळेच्या खर्चात शिक्षकांचे वेतन हाच मोठा भाग, आणि शिक्षक ही अखंड वस्तू आहे. पाव शिक्षक नेमता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी कोष्टक दिले आहे : साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच, आणि मुले १५० च्या वर गेली की शिवाय एक मुख्याध्यापक. म्हणजे खर्च उतरणीसारखा सरकत नाही, पायऱ्यांनी चढतो-उतरतो. समजा, एका शाळेत १५० मुले आणि पाच शिक्षक आहेत. पुढील काही वर्षांत पंचवीस मुले कमी झाली. शिक्षक पाचच राहिले, इमारत तीच, पहारेकरी तोच. एका पैशाची बचत झाली नाही, पण दर मुलामागचा खर्च एकपंचमांशाने वाढला. त्यानंतर आणखी पाचच मुले गेली आणि पट १२० वर आला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. एका वेतनाची बचत झाली खरी, पण वर्ग पाच आणि गुरुजी चार! पाचव्या वर्गाने काय करावे, याचे उत्तर कोष्टकात नाही.

‘मुले घटली तरी खर्च वाढला’ असा ओरडा मुंबई महापालिकेच्या शाळांविषयी दरवर्षी होतो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण त्यातील मोठा वाटा या पायऱ्यांचा आहे, उधळपट्टीचा नव्हे, हे टीकाकाराने ध्यानात घ्यावयास हवे. याच पायऱ्यांमुळे अंदाजाचे कामही हलके होते. सर्व शाळांचा पट बिनचूक वर्तविण्याची गरज नसते. १७० मुलांच्या शाळेचा अंदाज दहाने चुकला, तर बिघडत नाही. ६१ किंवा १२२ मुलांच्या शाळेचा दोनने चुकला, तर एका माणसाचे वर्षभराचे वेतन चुकते. कसोशी करावयाची ती अशा उंबरठ्यावरच्या शाळांविषयी.

महाराष्ट्रात या पायऱ्यांच्या हिशेबाला संचमान्यता म्हणतात, आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर ठरत असल्याने त्या तारखेला विलक्षण महत्त्व येते. पटावर पद अवलंबून असले की पट फुगविण्याचा मोह होतो. नांदेड जिल्ह्यात हा प्रकार उघडकीस आल्यानंतर शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदारांप्रमाणे शाई लावण्यात आली. लाखो नावे केवळ कागदावरची निघाली. अशा पटावरून काढलेली प्रमाणेही अर्थातच कागदावरचीच!

जो पट खरा असतो तोही सर्व वर्षाचा असतोच असे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले ३० सप्टेंबरला वर्गात असतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की त्यांपैकी पुष्कळ आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली, साखरशाळा निघाल्या. पण शिक्षक कोठे किती लागतात हे ठरविणारी तारीख मुले गावात असतानाची आणि शिक्षणात खंड पडतो तो त्यानंतरचा. वर्षातून दोनदा, सप्टेंबरात व जानेवारीत, मोजणी करून दोन्ही आकडे अंदाजपत्रकात घ्यावेत, असे मला वाटते. काम वाढेल हे कबूल.

आपल्याकडे पटाचे आणि पैशाचे नाते प्रथम कोणी स्पष्टपणे मांडले असेल, तर ते नामदार गोखले यांनी. १९१० च्या ठरावात त्यांनी सुचविले होते की, शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपैकी ३३ टक्के मुले जेथे आधीच शाळेत जात असतील तेथेच सक्ती लागू करावी, आणि वाढीव खर्चाचे दोन हिस्से सरकारने, एक हिस्सा स्थानिक संस्थेने सोसावा. त्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. परंतु ३३ टक्क्यांच्या त्या अटीमागील धोरण पाहण्यासारखे आहे : अर्थशास्त्राच्या या अभ्यासकाने, सक्तीनंतर एकदम किती मुले दारात येतील आणि नगरपालिकेच्या तिजोरीला ती पेलवतील काय, याचा हिशेब आधी केला होता.

त्यांचा दोनास एक हा प्रश्न पूर्व दिल्लीत निराळ्या रूपाने पुढे आला. २०१२ मध्ये दिल्ली महानगरपालिकेचे तीन भाग झाले आणि मयूर विहार व भोवतालच्या पुनर्वसन वसाहती पूर्व दिल्ली महानगरपालिकेकडे आल्या. करपात्र मालमत्ता थोडी आणि शाळकरी मुले पुष्कळ, अशी तिची स्थिती होती. शिक्षकांचे व सफाई कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले, संप झाले. २०२२ च्या मे महिन्यात तिन्ही महानगरपालिका पुन्हा एक करण्यात आल्या. सीमा आखताना प्रत्येक भागात कर किती आणि पहिलीत येणारी मुले किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले असते, तर ही तूट पहिल्याच दिवशी दिसली असती.

खाजगी शाळांकडील ओढ हा अंदाजातील सर्वांत चंचल घटक. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयाच्या मुलांत सरकारी शाळांत जाणारी २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती; महामारीच्या काळात रोजगार बुडाले, फी परवडेना, आणि २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले. २०२४ मध्ये ते पुन्हा ६६.८ वर उतरले. जी मुले आली म्हणून वर्गखोल्या काढल्या, ती खोल्यांना छप्पर पडण्याच्या आत परतली, असेही कोठे कोठे झाले असेल. म्हणून अशा लाटेसाठी कायम पदे वा पक्के बांधकाम न करता दोन-तीन वर्षांपुरती सोय करावी. मुले टिकतात असे दिसल्यावर मग विटा आणाव्यात.

राहता राहिली मयूर विहारची सरासरी. सदनिका आणि वसाहत यांची बेरीज करून सरासरी काढली, तर पट स्थिर असल्याचा भास होतो आणि त्या भासावर एक शाळा ओस राहते, दुसरी दोन पाळ्यांत भरते. अंदाज करावयाचा तो शाळागणिक आणि गल्लीगणिक. चिल्ला खादरात यमुनेच्या पात्रालगत भाजीपाला पिकविणारी कुटुंबे राहतात. पूर आला की ती रस्त्याच्या कडेला येतात, हटविली गेली की आणखी कोठे जातात. त्यांच्या मुलांची नावे कोणत्या शाळेच्या पुढील वर्षाच्या पटात धरावयाची, हे तेथे चालत जाऊन विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारावयास जावयाचे तर हिवाळ्यातच जावे लागते, अंदाजपत्रकाचे आकडे पक्के होण्यापूर्वी.