जुना वस्तरा भंगारात देऊ नका!

आमच्या सुप्यात आणि पारनेर तालुक्यात अजूनही काही घरांत आजोबांच्या धोकटीतले वस्तरे आहेत. दुकानांत बदलती ब्लेड आली आणि हे वस्तरे माळ्यावर गेले. मी ते जमवतो.

वस्तरा हातात आला की आधी पातं आणि मूठ जोडणारा भाग पाहा. कारखान्याचा शिक्का तिथेच असतो. बहुतेक वेळा इंग्लंडचं शेफिल्ड नाहीतर जर्मनीचं झोलिंगेन. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून नुसतं गावाचं नाव असलेला वस्तरा त्याआधीचा असू शकतो. खात्रीचा पुरावा मात्र नव्हे. 'झोलिंगेन' या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे.

वरवरचा तांबूस गंज तेलाने निघतो. धारेवर खड्डे पडले असतील तर वस्तरा फक्त पाहण्यापुरता. शिक्क्यावर पॉलिश पेपर कधीच घासू नका, ओळखच पुसली जाते. सेल्युलॉइडची मूठ कुजू लागली की तिच्या वाफेने शेजारचं पोलादही गंजतं. असा वस्तरा वेगळा ठेवा. हस्तिदंती मुठीची खरेदी-विक्री आपल्याकडे बेकायदा आहे.

तुमच्या घरी असा वस्तरा असेल तर शिक्क्याचा फोटो आणि तो कुणी वापरला ते कॉमेंटमध्ये जरूर लिहा.