सर्व्हर सुरू, पण डेटाची डिस्क दिसेना? ‘फॉरमॅट’ दाबण्यापूर्वी हे वाचा

नाशिकच्या गंगापूर रोडवर सीएंची कार्यालये, दवाखाने, क्लासेस यांची दाटी आहे. वळवाच्या पावसात वीज दोनदा गेली-आली, यूपीएसची बॅटरी जुनी निघाली, की सर्व्हर धाडकन बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर विंडोज उघडते, पण टॅलीचा डेटा असलेला ड्राइव्ह गायब! त्यात मासिक जीएसटीआर-३बी भरण्याची २० तारीख दोन दिवसांवर असेल, तर घाम फुटणारच.

डिस्क जोडलेली असणे वेगळे आणि ‘माउंट’ होणे वेगळे. डिस्कवरील फाइल्सची नोंदवही, म्हणजे फाइल सिस्टीम, वाचता आली तरच संगणक ती डिस्क वापरायला खुली करतो. अचानक वीज गेल्याने ही नोंदवही अर्धवट लिहिली गेली, तर डेटा जागेवर असूनही दिसत नाही. अशा वेळी विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करा’ असे सुचवते. हा सल्ला मुळीच ऐकू नका.

आधी डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क ‘ऑफलाइन’ असेल तर ऑनलाइन करणे, ड्राइव्हचे अक्षर गेले असेल तर पुन्हा देणे, एवढ्यावरही काम भागते. ‘रॉ’ असे दिसत असेल तर हात आवरा. आधी डिस्कची हुबेहूब प्रत, मग दुरुस्ती. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर वीज बंद करून ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

लिनक्सवर गोंधळ बऱ्याचदा ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये असतो. तिथे ‘एसडीबी’सारखे नाव लिहिलेले असते आणि नवी डिस्क लावल्यावर ती नावे बदलू शकतात. त्याऐवजी व्हॉल्यूमचा यूयूआयडी लिहावा. ‘नोफेल’ हा पर्याय जोडला नसेल, तर एक डिस्क सापडली नाही म्हणून सर्व्हर साधारण ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. फाइल बदलल्यावर रीस्टार्टपूर्वी ‘माउंट -ए’ चालवून पाहिले, तर चूक तिथेच पकडली जाते. ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा मात्र माउंट असलेल्या व्हॉल्यूमवर कधीच चालवू नये.

खरा दगा वेगळाच आहे. ‘नोफेल’मुळे सर्व्हर सुरू होतो, डिस्क माउंट होत नाही, पण तिच्या नावाचा रिकामा फोल्डर तिथे असतोच. रात्रीचा बॅकअप बिनबोभाट त्यातच, म्हणजे मूळ डिस्कवर, लिहिला जातो. बाहेरून सगळे आलबेल! ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला. कारण वेगळे होते, पण नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता, हे तेव्हा कळले. सुमारे सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर काम भागवावे लागले.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेची तपासणी टाकली, तर डिस्क नसताना बॅकअप थांबतो आणि सकाळी कोणाच्या तरी लक्षात येते.