गाठ छातीत, मग काखेची सोनोग्राफी कशाला?

मैत्रिणींनो, पायाला काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. अशा ग्रंथी काखेत, मानेत, पोटातही असतात. अंगातला पाण्यासारखा रस त्यांच्यातून गाळून पुढं जातो. स्तनात कॅन्सरची गाठ झाली, तर तिच्या पेशी या रसाबरोबर वाहत बहुतेक वेळा आधी काखेतल्या ग्रंथीत जाऊन अडकतात. म्हणून डॉक्टर काखेची सोनोग्राफी सांगतात. पैसे उकळायला सांगतात, असं बोललं जातं. पण ही तपासणी टाळू नका.

सोनोग्राफी म्हणजे गरोदरपणी करतात तीच, यात एक्सरेसारखे किरण नसतात. चांगली ग्रंथी वालाच्या दाण्यासारखी लांबट दिसते, कड पातळ आणि मधे चरबीचा पांढरा भाग. कॅन्सर शिरला की ती वाटाण्यासारखी गोल होते, कड ३ मिलिमीटरपेक्षा जाड होते, मधला पांढरा भाग दिसेनासा होतो.

पण हा झाला संशय. हाताला जखम असली किंवा टीबी असला तरी ग्रंथी सुजते. मोठा पेट स्कॅन केला तरी तेच. त्यात शिरेतून साखरेसारखं औषध देतात आणि जिथल्या पेशी साखर जास्त ओढतात तो भाग उजळून दिसतो. टीबीची गाठही तशीच उजळते! त्यामुळं ग्रंथीत सुई घालून तुकडा तपासल्याशिवाय खात्री होत नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती गावोगाव आहे. त्यात तथ्य नाही. सुई टाळण्यात महिने गेले, तर मात्र आजार वाढतो.

उलट बाजूही आहे. चार-दोन पेशी असतील तर त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून स्कॅन चांगला आला तरी ऑपरेशनच्या वेळी निळं औषध टोचून ते ज्या ग्रंथीत आधी पोचतं, तेवढीच एक-दोन काढून तपासतात. ती स्वच्छ निघाली तर बाकीची काख तशीच ठेवतात.

याचं आपल्याला काय? काखेतल्या पुष्कळ ग्रंथी काढल्या की काहीजणींचा हात सुजतो आणि ती सूज पुरती जात नाही. मग खुरपणी, धुणं, पाण्याचा हंडा, सगळंच अवघड. तेव्हा ऑपरेशनच्या आधीच विचारा, "डॉक्टर, काखेत गेलंय का? सुईची तपासणी झाली का? सगळ्या ग्रंथी काढायलाच हव्यात का?" एकटीला सुचत नसेल तर गटातली एखादी ताई सोबत न्या.

आणि काखेत गाठ आली, दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर दुखत नसली तरी दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. कोणती तपासणी त्यात बसते ते योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार आणि जुन्या सगळ्या फिल्म एका पिशवीत घेऊन जा.